संपाची रसद



आजचा विषय ऐकून काही जणांना नवल वाटेल. निवृत्त फौजी माणूस कामगारांच्या संपावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्हा सैनिकांना संघटना करता येत नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सैनिकांच्या हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा दिली आहे आणि १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये ती मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे घोषणा, मोर्चे आणि वाटाघाटी यांतले मला फारसे कळत नाही. मला कळते ती रसद.

युनिट हलवायचा हुकूम आला की पहिला प्रश्न असतो, रेशन किती दिवसांचे आहे? दारूगोळ्याचा हिशोब त्यानंतर येतो. मराठी माणसाला हे फौजेत जाऊन शिकावे लागत नाही, पानिपताने ते शिकवले आहे. १७६० च्या डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार वाढली. १४ जानेवारी १७६१ ला आपली फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी पोटी. संपाचेही असेच असते. मालक आणि कामगार समोरासमोर बसतात, आणि कोणाचा दाणागोटा आधी संपतो यावर निकाल लागतो. फरक इतकाच, की मालकाच्या कोठारात काय आहे ते ताळेबंदात दिसते. कामगाराचे कोठार कुठे असते, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेले असते. आज ते कोठार शोधू.

हे डोक्यात आले ते बेंगळुरूतल्या माझ्या घराच्या फाटकापाशी. जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा पार्सल देताना माझी पाटी वाचून मराठीत बोलला. चंदगड तालुक्यातला. पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या एका पोराचा रिंग रोडवर पाय मोडला. अॅपवरचा आयडी बंद झाला. आम्ही ग्रुपवर पैसे जमवतोय. कुणी वीस, कुणी पन्नास." खिशातून त्याने एक घडी पडलेली वही काढली. नावे, रकमा, तारखा. मी विचारले, "तुमच्या संघटनेचे नाव काय?" तो हसला. "संघटना कसली साहेब, ग्रुप आहे नुसता."

ती वही पाहून मला मुंबईचे गिरणगाव आठवले.

भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात सांगताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतात. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी ही त्यातली मोठी मागणी होती. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. पण त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना सदस्यांची यादी होती, ना वर्गणी, ना निधी. लोखंडे होते तोवर ती होती. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना ते गेले आणि तिला वारस उरला नाही. सेनापती होता, पण कोठार नव्हते.

आता १९२८ कडे येऊ. एका कामगाराने जास्त माग आणि जास्त चाती सांभाळाव्यात असा मालकांचा आग्रह होता. त्याविरुद्ध एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने पगाराविना राहिले. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या नेत्यांत डांगे, जोगळेकर, निंबकर यांच्यासारखे शिकलेले लोक होते, तसेच आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले लोकही होते. काहीशे सभासदांची युनियन वर्षअखेरीस पन्नास हजारांच्या पुढे गेली.

सहा महिने माणसे जगली कशावर? रशियातल्या कामगारांनी पाठवलेल्या मदतीचा सरकारने पुढे मेरठ खटल्यात बराच गाजावाजा केला. पण दीड लाख कुटुंबांची चूल परदेशी मनिऑर्डरीवर पेटत नाही. खरे कोठार गावाकडे होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा कामगार मुंबईत राहायचा, पण त्याचे घर, बायको आणि जमिनीचा तुकडा गावी असायचा. संप लांबला की पुष्कळ जण गावी जाऊन शेतीला लागत. गावाशी नाते असलेला कामगार लढाऊ नसतो, असे त्या काळचे साहेब लिहीत. माझे मत उलटे आहे. माघारी जायला गाव होते म्हणूनच तो सहा महिने टिकला. फौजेच्या भाषेत तो त्याचा पिछाडीचा तळ होता.

दुसरे कोठार मुंबईतच होते आणि ते बायकांच्या हातात होते. मंडळी, या बायकांची नोंद आपण फार उशिरा घेतली. कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईची चूल. ती पहाटे उठून पाळीप्रमाणे डबे करायची आणि वाण्याचे बिल पगाराच्या दिवशी फेडायची. संप झाला की पगाराचा दिवस येतच नसे, पण जेवणारे रोज येत. तिने ताट वाढणे बंद केले नाही. वाण्याकडे उधारी वाढली, सावकाराकडे दागिने गेले, आणि प्रसंगी मंगळसूत्रही गेले. संपाच्या पत्रकांवर नेत्यांची नावे असत. खर्च मात्र असा हिच्या गळ्यातून जायचा.

हे हेरले प्रेमाताई पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर गिरणगावात काम करणाऱ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या संपात त्यांनी पाहिले, की संप मिटल्यावर कामगार कामावर जातो आणि खाणावळवाली मात्र कर्जातच राहते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. गरिबांना कर्ज देऊ असे बँका म्हणत होत्या, पण तारण काय, हा प्रश्न होता. प्रेमाताईंनी बायकांचे गट केले. एकीच्या कर्जाला दुसऱ्या जामीन. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बायका हप्ते फेडू लागल्या आणि सावकाराची पकड ढिली झाली. माझ्या हिशेबी कामगार चळवळीतली ही मोठी घटना आहे, कारण इथे पहिल्यांदा कोणीतरी रसद सांभाळणारीची काळजी घेतली.

मग १९८२ आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा प्रशिक्षणात होतो. सुट्टीवर सातारा जिल्ह्यातल्या गावी आलो तेव्हा एसटी स्टँड मुंबईहून परतलेल्या माणसांनी भरलेला होता. चावडीपुढे पोती मांडली होती आणि दारोदार धान्य गोळा होत होते. आईने दोन पायली ज्वारी घातली. मी अकादमीच्या तोऱ्यात विचारले, "संपवाल्यांना कशाला?" ती म्हणाली, "इतकी वर्षं त्यांच्याच मनिऑर्डरी आल्या ना गावात? आता आपली पाळी." एवढे बोलून ती आत गेली. संपाबद्दल तेव्हापासून मी पुष्कळ वाचले, पण इतके नेमके वाक्य सापडले नाही.

तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पण गावाची ज्वारी वर्षाला एकदा येते आणि मालकाला घाई नव्हती. गिरण्या जुन्या झाल्या होत्या आणि त्यांच्याखालची जमीन सोन्याची होती. समोरच्याला किल्ला परत नकोच असेल, तर वेढा किती दिवस टिकवता याला अर्थ उरत नाही. रसदीची मर्यादाही इथेच दिसते. ती लढाई लांबवते, लढाई योग्य जागी आहे की नाही ते सांगत नाही.

म्हणून आता दुसरी वाट पाहू, हमालांची. पुण्यात बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत बांधली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी संघटित केले. हमालाला एक मालक नसतो. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मग निवृत्तीनिधी कोणी भरायचा? यावर १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने तोड काढली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ करायचे. हमालाचे आणि मालकाचे नाव त्या मंडळाकडे नोंदवायचे. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि औषधपाणी. मालक कितीही असोत, कोठार एकच.

पुण्याच्या हमाल पंचायतीने आणखी एक केले. १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' नावाचे केंद्र काढले, जिथे कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळते. संघटनेने स्वतःची चूलच मांडली. खाणावळवालीने एकटीने उचललेले ओझे इथे सगळ्यांनी मिळून उचलले.

आता बेंगळुरूला परत येऊ. हे शहर संगणकवाल्यांचे म्हणून ओळखले जाते, पण १९८०-८१ मध्ये इथल्या एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी या सरकारी कारखान्यांतले कामगार ७७ दिवस संपावर होते. नंतर शहराभोवती कपड्यांचे कारखाने वाढले. त्यांत बहुतेक बायका. एप्रिल २०१६ मध्ये या बायका हजारोंनी होसूर रस्त्यावर उतरल्या. कारण काय? भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्राने केला होता. बाहेरच्यांना नवल वाटले, की एवढ्याशा नियमासाठी शहर बंद? पण ज्या बाईची नोकरी दर दोन-चार वर्षांनी सुटते, तिची मुलीची फी, आजारपण आणि गावाकडचे कर्ज याच पैशावर निभते. ते तिचे एकमेव कोठार होते आणि त्याला कुलूप लावायला निघाले होते. दगडफेक झाली, बसगाड्या जळल्या. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिलला, सरकारने नियम मागे घेतला हेही खरे.

आणि आता अॅपवरची पोरे. त्यांचे हमालांसारखेच आहे. आज ही कंपनी, उद्या ती, आणि मालक म्हणवून घ्यायला कोणीच तयार नाही. २०२३ मध्ये राजस्थानने आणि २०२५ मध्ये कर्नाटकाने त्यांच्यासाठी कायदा केला. कर्नाटकात प्रत्येक कामामागे कामगाराला जे मिळते, त्याच्या एक ते पाच टक्के इतके कल्याण शुल्क कंपनीने भरायचे, आणि तो निधी मंडळाने सांभाळायचा. मंडळी, हे ओळखीचे वाटते ना? नोंदणी, मंडळ, लेव्ही. माथाडी हमालाची पद्धत छपन्न वर्षांनी मोबाइलमध्ये शिरली.

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते नाही. माथाडींचा कायदा आला तेव्हा त्यांच्या टोळ्या आधीच बांधलेल्या होत्या. लेव्ही बुडवली तर काम थांबवणारी माणसे गोदामात उभी होती. कायद्याने आलेला निधी राखायला स्वतःच्या खिशातून उभा केलेला निधी आधी असावा लागतो. रक्कम लहान असली तरी चालते. वीस रुपये देणारा माणूस हिशोब विचारतो, आणि हिशोब विचारायला जमलेल्या माणसांनाच संघटना म्हणतात.

फौजेत रेजिमेंटल फंडाचे दर तिमाहीला ऑडिट होते. तरुणपणी त्या बोर्डावर बसायचा मला कंटाळा यायचा. पुढे कळले, की फंडावर जवानाचा विश्वास बसतो तो त्या कंटाळवाण्या कामामुळेच.

तो चंदगडचा मुलगा पुन्हा आला तेव्हा मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. प्रत्येकाला पावती दे. पैसे काढताना दोघांच्या सह्या ठेव. महिन्याला हिशोब ग्रुपवर टाक. तो म्हणाला, "साहेब, एवढं केलं तर ती संघटनाच होईल की." मी म्हटले, "होईल."

पुढच्या वेळी त्याने वही दाखवली. रकमांपुढे पावती क्रमांक पडले होते. शेवटच्या पानावर पाय मोडलेल्या मुलाचे नाव होते, आणि या वेळी ते पैसे घेणाऱ्यांत नसून देणाऱ्यांत होते. वीस रुपये.