महागडा डिशवॉशर खारपाणपट्ट्यात किती उपयोगाचा? खरेदीआधी करायचे हिशेब

22 सप्टेंबर 2025 पासून डिशवॉशरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी 50 हजार रुपये किंमत असलेलं मशीन आधी 64 हजारांना पडायचं, ते आता 59 हजारांना पडतं. त्यामुळे 'आता घ्यावा का, आणि घ्यायचाच तर भारीतला घ्यावा का?' हा प्रश्न अनेक घरांत निघतो आहे.

अमरावतीच्या पश्चिमेला असलेल्या भातकुलीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे पाणी. भातकुली पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. डिशवॉशरचं निम्मं काम पाणीच करतं. म्हणून इथे मॉडेल निवडण्याआधी पाणी समजून घ्यावं लागतं.

डिशवॉशर भांडी कशी धुतो?

हाताने घासताना आपण जोर लावतो. डिशवॉशरमध्ये घासणं नसतंच. तळाला साठलेलं थोडं पाणी तापवून पंप ते फिरत्या पात्यांमधून जोरात भांड्यांवर मारतो. गरम पाणी, तीव्र क्षारयुक्त पावडर आणि वेळ या तिघांनी मिळून चिकटलेलं अन्न सुटतं. पाण्याच्या फवाऱ्याने भांडी धुणारं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी बनवलं. त्याचं पेटंट त्यांना 28 डिसेंबर 1886 रोजी मिळालं. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

तेच ते पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जात असल्यामुळे 12 ते 14 जणांची भांडी धुणारं आजचं मशीन इको प्रोग्रॅमवर साधारण 10 लिटर पाणी घेतं. नळ सोडून भांडी घासली, तर याच्या कितीतरी पट पाणी जातं.

जड पाणी वेगळं, खारं पाणी वेगळं

दुकानात 'आमच्या मशीनमध्ये वॉटर सॉफ्टनर आहे, कसंही पाणी चालेल' असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे.

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते जड होतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. मशीनच्या सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मशीन त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करतं. त्यासाठीच मशीनमध्ये वेगळं मीठ भरावं लागतं. घरातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ यात चालत नाही.

खाऱ्या पाण्याचं गणित निराळं आहे. त्यात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मीठच, जास्त असतं. ते काढून टाकणं सॉफ्टनरचं कामच नाही. शेवटच्या धुण्यातलं पाणी भांड्यावर वाळलं की मीठ तिथेच राहतं आणि काचेच्या पेल्यावर, स्टीलच्या ताटावर पांढुरकी झाक येते. शिवाय क्लोराइड स्टेनलेस स्टीलचाही शत्रू आहे. त्याने स्टीलवर बारीक खड्डे पडू शकतात. मशीनची आतली पेटी स्टीलचीच असते. 40 हजारांचं मशीन असो की दीड लाखाचं, या बाबतीत दोघांचीही अडचण सारखीच.

तुमचं पाणी कसं आहे?

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. पण तो फक्त विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगतो. त्यात जडपणा किती आणि खारटपणा किती, हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावं आणि अहवालात तीन आकडे बघावेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) त्यांच्या मर्यादा अशा आहेत:

- एकूण विरघळलेले क्षार: लिटरमागे 500 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत
- एकूण जडपणा: 200, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत
- क्लोराइड: 250, दुसरा स्रोत नसेल तर 1,000 पर्यंत

हे आकडे पिण्याच्या पाण्याचे असले, तरी अंदाज घ्यायला उपयोगी पडतात. जडपणा जास्त आणि क्लोराइड कमी असेल, तर सॉफ्टनर निभावून नेईल, फक्त मीठ जास्त लागेल. क्लोराइडच जास्त असेल, तर ते पाणी मशीनला लावू नये.

मशीनवर जडपणाची पातळी स्वतः निवडावी लागते. माहितीपुस्तिकेत ती अनेकदा जर्मन अंशांत असते. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम. अहवालातला आकडा 356 असेल, तर तुमचं पाणी 20 अंशांचं.

घरात योजनेचा नळ आणि बोअर असे दोन्ही स्रोत असतील, तर दोघांचे नमुने वेगवेगळे तपासा.

जास्त पैशांत जास्तीचं काय मिळतं?

ढोबळमानाने पूर्ण आकाराची मशीन 30 ते 50 हजारांपासून सुरू होतात. 60 ते 90 हजारांत वरचे मॉडेल येतात. मीलेसारख्या ब्रँडचे मॉडेल लाखाच्या पुढे जातात. वरच्या किमतीत साधारण पुढच्या गोष्टी मिळतात:

- तिसरा ट्रे: चमचे, उलथनी, झारे आडवे ठेवता येतात आणि खालची जागा मोकळी होते. रोज उपयोगी पडतो.
- दार आपोआप उघडणं: धुणं संपल्यावर वाफ बाहेर पडते, भांडी लवकर सुकतात.
- झिओलाइट: हे खनिज ओलावा शोषतं आणि शोषताना उष्णता देतं. प्लास्टिकचे डबेही चांगले सुकतात. पाणी खारं असेल तर मात्र ते सुकलेल्या भांड्यावर डाग ठेवणारच.
- पाण्याची घाण ओळखणारा सेन्सर: भांडी कमी खराब असतील तर पाणी आणि वीज वाचते.
- कमी आवाज: स्वयंपाकघराला लागूनच झोपायची खोली असेल, तर फरक जाणवतो.
- वाय-फाय: मोबाइलवर 'धुणं झालं' असा संदेश येतो. भांडी रचायची आणि काढायची तुम्हालाच.

सॉफ्टनर, गरम पाण्याचा जोरदार प्रोग्रॅम, वरखाली होणारा ट्रे आणि स्टीलची पेटी हे महत्त्वाचे भाग मधल्या किमतीच्या बहुतेक मॉडेलमध्येही असतात.

आपली भांडी त्यात चालतील?

स्टीलची ताटं, वाट्या, गंज, डबे, काच आणि चिनी मातीची भांडी उत्तम निघतात. तेलकट झुणक्याचा थर गरम पाण्यापुढे टिकत नाही. ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात, तांब्या-पितळेची चमक जाते, लोखंडी तवा गंजतो, लाकडी पोळपाट-लाटणं फुगतं. भाकरीची परात असेल तर वाळलेलं पीठ आधी खरवडून काढावं, कारण ते गाळणीत अडकतं. करपलेल्या दुधाचं पातेलं कोणत्याही किमतीच्या मशीनमध्ये एका फेरीत स्वच्छ होईलच असं नाही.

म्हणजे घरात ॲल्युमिनियम आणि पितळ जास्त असेल, तर मशीन घेऊनही निम्मी भांडी हातानेच घासावी लागतील.

महिन्याचा हिशेब

रोज एक फेरी, वीज युनिटला 10 रुपये आणि मशीनचं आयुष्य 10 वर्षं धरू. जोरदार प्रोग्रॅमला साधारण 1.2 युनिट, म्हणजे 12 रुपये. पावडरचे 10 रुपये. मीठ आणि चमक आणणारं द्रावण यांचे 5 रुपये. दिवसाला 27, महिन्याला 810 रुपये.

आता मशीनची किंमत यात मिळवा. 50 हजारांचं मशीन महिन्याला 417 रुपयांना पडतं, म्हणजे एकूण सुमारे 1,230 रुपये. 90 हजारांचं मशीन 750 रुपयांना पडतं. त्याने रोज 0.3 युनिट वाचवलं असं मानलं, तरी एकूण खर्च 1,470 रुपये होतो. दुरुस्ती वेगळी.

'महाग मॉडेल वीज वाचवून पैसे फेडतं' हा दावाही तपासू. रोजचे 3 रुपये म्हणजे वर्षाला 1,095. जास्तीचे 40 हजार वसूल व्हायला 36 वर्षं लागतील. तेवढं मशीनच टिकत नाही.

जास्तीचे 40 हजार पाण्यावर लावले तर?

रोज एका फेरीला 10 लिटर, म्हणजे वर्षाला 3,650 लिटर. जोरदार प्रोग्रॅमचे 13 लिटर धरले तरी 4,745. म्हणजे डिशवॉशरचं वर्षभराचं पाणी 5,000 लिटरच्या एका टाकीत मावतं.

हे पाणी छतावरून मिळू शकतं. पावसाच्या पाण्यात जडपणाही नसतो आणि मीठही जवळजवळ नसतं. 50 चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षभरात अगदी 500 मिलिमीटरच पाऊस पडला, तरी 25 हजार लिटर पाणी होतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून बंद, काळ्या टाकीत साठवायचं आणि छोट्या पंपाने मशीनला द्यायचं. टाकी, गाळणी आणि पंप यांचा खर्च दोन मॉडेलच्या किमतीतल्या फरकात बहुधा बसतो. हे पाणी वापरताना सॉफ्टनर शून्यावर ठेवावा आणि काचेच्या भांड्यांना सौम्य प्रोग्रॅम लावावा, कारण फार मऊ पाण्याने काच हळूहळू धुरकट होते.

घरच्या आरओचं पाणी थेट जोडणं जमत नाही. मशीनला काही मिनिटांत तीन-चार लिटर पाणी लागतं. आरओमधून ते थेंबाथेंबाने येतं, शिवाय बरंच पाणी वाया जातं.

दाब, वीज आणि सर्व्हिस

बऱ्याच मशीनना किमान 0.5 बार दाब लागतो. त्यासाठी टाकीतलं पाणी मशीनच्या सुमारे 5 मीटर वर हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतून 0.3 बारच्या आसपासच दाब मिळतो. अशा वेळी टाकी उंचावर ठेवावी लागते किंवा पंप बसवावा लागतो. पाणी तापवताना मशीन सुमारे 2,000 वॅट वीज घेतं, त्यामुळे ते घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट हवाच.

दुकानदाराला दोन प्रश्न लेखी विचारा. तंत्रज्ञ भातकुलीपर्यंत येतो का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? पाण्यामुळे झालेला बिघाड हमीत धरला जातो का?

मग घ्यावा का?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. भांडी हा त्या वेळेतला मोठा वाटा आहे. पाच-सहा जणांच्या घरात, जिथे दोन्ही वेळची भांडी एकाच बाईच्या हाताखालून जातात, तिथे महिन्याचे हजार-बाराशे रुपये ही चैन म्हणता येत नाही.

म्हणून भातकुलीसारख्या गावात क्रम असा ठेवावा: आधी पाण्याचा अहवाल, मग पाण्याचा दाब, मग सर्व्हिस आणि शेवटी मॉडेल. गोड पाणी आणि पुरेसा दाब असेल, तर मधल्या किमतीचं मशीन बहुतेक घरांना पुरतं. पैसे उरत असतील तर तिसऱ्या ट्रेसाठी जरूर द्या. बोअरचं खारं पाणी हाच एकमेव स्रोत असेल, तर पावसाच्या पाण्याची सोय होईपर्यंत खरेदी थांबवावी.