मणक्यात गॅप

आमच्या बुलढाण्याकडे पाठ दुखणाऱ्या माणसाला साधारण एकच निदान मिळतं : मणक्यात गॅप. डॉक्टर सांगो, कंपाउंडर सांगो नाहीतर एस.टी.त शेजारी बसलेला सांगो, गॅपच. मग कमरेला पट्टा येतो, फळीवर झोपणं येतं, पाय लावून चोळणारा एखादा म्हातारा येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आराम येतो. "हालू नको, वाकू नको, पडून राहा."

माझ्या मामाच्या मणक्यात गॅप निघाला १९९५ साली. मामा तेव्हा बावीस वर्षांचा, खामगावला जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या गाठी ढकलणाऱ्या माणसाची पाठ दुखली तर कारण शोधायला लांब जायची गरज कोणालाच वाटली नाही. तीन महिने सुट्टी घेऊन पडून राहिला आणि आणखीनच आखडला. पुढच्या वर्षी एका दवाखान्यात रक्त तपासलं, ईएसआर वाढलेला निघाला. तरुण माणूस, पाठ दुखते, वजन उतरलंय, ईएसआर जास्त. आपल्याकडे याचा अर्थ टीबी. नऊ महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. लघवी लाल व्हायची, त्याने आजी घाबरायची, एवढंच मला आईकडून कळलंय. पाठीला फरक शून्य.

त्याच्या दुखण्याला खरं नाव मिळालं २०११ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादला. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस. सोळा वर्षं! तोवर मान पुढे येऊन ताठ झाली होती. मामा आजही दारात आलेल्या माणसाला आधी चपलांवरून ओळखतो, चेहरा नंतर. मला तो "आला का रे बुटवाला" म्हणतो.

गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की मामाच्या मणक्यांत गॅप आलाच नव्हता. जो मुळात असतो तो बुजत चालला होता. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात होते कण्याच्या तळाशी, जिथे तो कमरेच्या हाडांना जोडलेला असतो तिथे. आधी सूज, मग जिथे हाड नको तिथे नवं हाड. काही जणांत ते मणक्यामणक्यांना सांधत वर चढतं आणि कणा बांबूसारखा होतो. क्ष-किरण बघणारे त्याला बांबू स्पाइनच म्हणतात.

तर मंडळी, मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरमधला साधा हमाल. पण गेले तीन-चार विकांत मी एकाच प्रश्नामागे लागलो होतो : १९९५ साली जगाला या आजाराबद्दल काय माहीत होतं? मामाच्या वेळी औषधच नव्हतं की कोणी ओळखलंच नाही? हे दोन अगदी वेगळे बग आहेत.

शोध सुरू झाला आणि मी थेट सतराव्या शतकात पोहोचलो. बर्नार्ड कॉनर नावाचा एक तरुण आयरिश डॉक्टर फ्रान्समध्ये शिकत होता. १६९० च्या दशकात त्याच्या हाती एक सांगाडा लागला. मणके, बरगड्या, कमरेची हाडं, सगळं मिळून एकच अखंड हाड झालेलं. कॉनरने त्याचं वर्णन छापलंच, पण पुढे जाऊन असा विचार केला की हा माणूस जिवंत असताना कसा जगला असेल? त्याला वाकता येत नसणार, कूस बदलता येत नसणार, छाती फुलवून श्वास घेता येत नसणार. मेलेल्या हाडांवरून त्याने जिवंत माणसाची तक्रार लिहून काढली. मला हे फार आवडलं. पुढची तीनशे वर्षं बऱ्याच हुशार लोकांनी बरोबर उलटं केलं. जिवंत माणूस समोर तक्रार सांगत असताना ते हाडं बघत बसले.

पुढची दोनशे वर्षं मी गाळतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत स्ट्र्युम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी पाचेक वर्षांच्या आत आपापले रुग्ण नीट नोंदवले. त्याच सुमारास, १८९५ मध्ये, क्ष-किरण सापडले, आणि १९३० च्या दशकात कण्याच्या तळाचे ते सांधे फिल्मवर दिसायला लागले. आता हाडं बघायला माणूस मरायची वाट पाहायला नको.

पण क्ष-किरणांचा दुसराही उपयोग झाला. पाठीवर त्यांचा मारा केला की दुखणं थांबतं असं लक्षात आलं आणि इंग्लंडात हजारो रुग्णांना ही रेडिओथेरपी दिली गेली. लोक खरंच बरे वाटून घरी गेले. मग कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल (सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवणाऱ्यांतला तोच डॉल) यांनी अशा तेरा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं. अहवाल १९५७ चा. या लोकांत रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. रेडिएशनने माणसाला काय होतं याबद्दल आज जे कळतं त्यातला मोठा भाग या पाठदुखीवाल्यांनी, स्वतःला माहीत नसताना, पुरवलेला आहे. दुखणं थांबणं आणि आजार बरा होणं यात फरक असतो, आणि तो कळायला कोणीतरी पुढची दहा-वीस वर्षं वही ठेवावी लागते.

१९७३ च्या एप्रिलमध्ये मोठा धमाका झाला. लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी काही आठवड्यांच्या अंतराने एकच गोष्ट छापली. लंडनच्या ब्रूअर्टनच्या गटाने ७५ रुग्ण तपासले, त्यातल्या ७२ जणांत एचएलए-बी२७ हे जनुकीय चिन्ह सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत फक्त तिघांत. असे आकडे वैद्यकात सहसा येत नाहीत. आमच्याकडे असा रिझल्ट आला तर आम्ही आधी टेस्टच चुकली समजू.

मात्र या चिन्हाचा उलटा अर्थ लावायचा नाही. बी२७ असलेल्या शंभरांतल्या जेमतेम एक ते पाच जणांना हा आजार होतो. बाकीचे आयुष्यभर मजेत वाकतात. त्यामुळे 'बी२७ पॉझिटिव्ह' एवढ्या एका ओळीवरून रडत बसणं चूक, आणि निगेटिव्ह आलं म्हणून माणसाला हाकलून देणंही चूक.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हा सगळा लेख. १९७७ साली आंद्रेई कॅलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पेपर छापला. त्यात मशीन नाही, रक्त नाही. फक्त पाच प्रश्न. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं का? हळूहळू, नकळत सुरू झालं का? तीन महिन्यांच्या वर टिकलं का? सकाळी उठल्यावर पाठ आखडलेली असते का? आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं का? पाचांतली चार उत्तरं 'हो' असतील तर या आजाराचा संशय घ्या.

पाचवा प्रश्न परत वाचा. गॅपवाल्या माणसाला, म्हणजे साध्या चमकेच्या पाठदुखीला, हालचालीने सहसा त्रास होतो आणि आरामाने बरं वाटतं. याच्यात अगदी उलट. रात्री तीन-चारला दुखण्याने जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग लाकूड असतं आणि कामाला लागलं की सुटतं. मामा तर तेव्हापासून हेच सांगत होता. "रातच्याले लय आखडते बापा, कामावर गेलो का मोकया होतो." घरच्यांनी ते ऐकलं आणि त्याला कामावर जायचं बंद केलं.

यात ओपीडीच्या वेळेचाही मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. खामगावहून पहिल्या गाडीने निघालेला माणूस नंबर लावून डॉक्टरसमोर बसेपर्यंत अकरा वाजतात. तोपर्यंत तो चालून, उभं राहून, फलाटावर फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो. डॉक्टर वाकायला सांगतात, तो बऱ्यापैकी वाकतो. ज्यांनी सपोर्टचं काम केलंय त्यांना हे दुःख कळेल. क्लायंट रात्री तीनचा बग सांगतो, आपण सकाळी अकराला बघतो, आणि 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहून तिकीट बंद करतो.

थोडक्यात, मामाची पाठ धरली तेव्हा ते पाच प्रश्न छापून अठरा वर्षं झाली होती. मग विचारले का नाहीत? दवाखान्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. हे प्रश्न जाळं टाकतात, मासा ओळखत नाहीत. साध्या पाठदुखीवाल्यांतलेही बरेच त्यात अडकतात, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. शिवाय १९८४ मध्ये ठरलेल्या न्यूयॉर्क निकषांनुसार पक्कं निदान करायला क्ष-किरणावर सांधा बिघडलेला दिसावा लागे, आणि तो दिसायला कित्येकदा वर्षं जातात. म्हणजे नाव मिळवायला आधी नुकसान होऊ द्यायचं. एमआरआयवरची सूज निदानात धरायला २००९ चे नवे निकष यावे लागले. बायकांचं तर आणखी वाईट. हा पुरुषांचा आजार असं इतकी वर्षं शिकवलं गेलं की बाई पाठ धरून आली तर कोणाला शंकाही यायची नाही. जुन्या पुस्तकांत दहा पुरुषांमागे एक बाई असं प्रमाण असायचं, आज ते दोन-तीन पुरुषांमागे एक मानतात. बायका वाढल्या नाहीत, विचारायला सुरुवात झाली.

विचारण्यावरून भिगवण आठवलं. पक्षी बघायला जाणाऱ्या पुणेकरांना उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो माहीत असतात. पण १९९६ साली, म्हणजे मामा टीबीच्या गोळ्या घेत होता त्याच वर्षी, या गावात पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी एक पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचा 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम १९८१ पासून चालू होता. गरीब देशांत, कमी पैशात, सांधेदुखी मोजायची. भिगवणला गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर गेले. कुठे दुखतं? शरीराच्या चित्रावर दाखवा. किती दिवस? काय करता येत नाही? ज्यांनी हो म्हटलं त्यांची सविस्तर प्रश्नावली, मग डॉक्टरची तपासणी, आणि हे सगळे टप्पे एकामागून एक नाही तर समांतर.

४०९२ प्रौढ माणसं विचारून झाली. ७४६ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना, हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. आमवाताचं, म्हणजे हातापायांचे सांधे वाकडे करणाऱ्या ऱ्हुमेटॉइडचं, प्रमाण निघालं अर्धा टक्का. खेड्यातली माणसं कष्टाची, त्यांना असले आजार कमी होतात, ही समजूत तिथे मोडली. मामासारखे कणा सांधलेले त्यांत अगदी थोडे होते, आणि एवढ्याशा गावात तसंच असणार. पण मला त्या थोड्यांपेक्षा बाकीचे शेकडो महत्त्वाचे वाटतात. दुखणं त्यांच्यासाठी कामाचाच भाग होता. कोणीतरी ओट्यावर येऊन बसलं आणि विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

औषधाची बाजूही सांगतो, कारण मूळ प्रश्न तो होता. १९९५ ला सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या होत्या आणि व्यायाम होता. त्यांनी बऱ्याच जणांचं बऱ्यापैकी चालतं, निदान मान ताठ व्हायची तर सरळ तरी होते. खरी क्रांती २००२ ची. जर्मनीत ब्राउन यांच्या गटाने सत्तरेक रुग्णांत इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी घेतली, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी म्हणा. बारा आठवड्यांनी औषधवाल्यांपैकी ५३ टक्के लोकांचा त्रास निम्म्याहून कमी झाला, दुसऱ्या गटात फक्त ९ टक्क्यांचा. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, याच औषधानंतर टीबी उफाळून आलेले ७० रुग्ण नोंदवले गेले होते. शरीरात गप्प पडलेल्या टीबीला जी यंत्रणा दाबून ठेवते तीच हे औषध ढिली करते. म्हणून आजही हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात. नसलेल्या टीबीसाठी नऊ महिने गोळ्या खाल्लेल्या मामाला २०११ मध्ये परत टीबीसाठीच तपासलं. तो म्हणाला, "यायचं टीबीवरच लय प्रेम हाय."

इंजेक्शनची किंमत ऐकून मामीने विषय बंद केला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने याच कुळातल्या अडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल बाजारात आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. तोपर्यंत मामाच्या कण्यात वाचवण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं.

हे सगळं मी आत्ता का खणत बसलो, तर मामेभाऊ. वय चोवीस, पुण्यातच सपोर्टला, रात्रपाळी. दिवाळीत म्हणाला, दादा, पाठ धरते, खुर्ची बदलून बघतो. मी पाच प्रश्न विचारले. चौथ्यापर्यंत तो 'हो हो' करत होता. पाचव्याला थांबला आणि म्हणाला, "जिमला गेलो की बरं वाटतं, तुला कसं कळलं?"

जानेवारीत एमआरआय झाला. क्ष-किरण स्वच्छ, एमआरआयवर कण्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना सूज. सध्या गोळ्या आणि रोज पाऊण तास व्यायाम, इंजेक्शनचं तीन महिन्यांनी बघू म्हणालेत. रिपोर्ट मी मामाला फोनवर वाचून दाखवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडून राहाय्‌ तर नाई ना सांगतलं?"