लिस्टरची पट्टी आणि न संपणारं औषध

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. जखमेवरची साधी सुती पट्टी आहे.

ऑगस्ट १८६५, ग्लासगो. जेम्स ग्रीनलीस, वय वर्षं अकरा. पायावरून गाडीचं चाक गेलं, हाड मोडलं, वर उघडी जखम. तेव्हा अशा जखमेत बरेचदा पाय तरी जायचा, नाहीतर जीव. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजवलेलं कापड बांधलं आणि सहा आठवड्यांत हाड जुळून आलं. त्याच्या वॉर्डात आधी हात-पाय कापलेल्या ३५ जणांपैकी १६ दगावले होते. या पद्धतीनंतर ४० पैकी ६.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. कार्बोलिक उडून जातं, आणि जास्त झालं की मांसही भाजतं. म्हणून लिस्टरने जाळीदार सुती कापडावर लेप चढवला: १ भाग कार्बोलिक, ५ भाग राळ, ७ भाग पॅराफिन. राळ औषध धरून ठेवते, हळूहळू सोडते. पॅराफिन कशाला? तर नुसत्या राळेने कापड चिकट होतं, म्हणून! असे आठ पदर बांधायचे.

तरी औषध सुटत होतं, म्हणजे कधीतरी संपणारच. मग ते सुटूच दिलं नाही तर?

१९३५ साली गेरहार्ट डोमाकने चतुष्क अमोनियम संयुगं जंतू मारतात हे दाखवलं. यांच्यावर धन भार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण. दोन्ही ओढले जातात आणि आवरण फाटतं. २००१ मध्ये एमआयटीत अशा भाराची पॉलिमर साखळी काचेला कायमची जोडली. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी, त्यांत मात्याशेव्स्कीही होते, चक्क गाळणकागद घेतला. कागद काय, कापूस काय, दोन्ही सेल्युलोज. अंगावर हायड्रॉक्सिल गट भरपूर. त्या गटांना खुंटी करून त्यांनी साखळ्या तिथेच वाढवल्या, नंतर त्यांना भार दिला. कागदातून काहीच झिरपत नाही, स्पर्शानेच जंतू मरतो.

फक्त एक भानगड आहे. मेलेले जंतू तिथेच चिकटून बसतात, आणि त्यांच्या थरावर नवीन येणाऱ्याला खालची साखळी लागतच नाही. लिस्टरची पट्टी निदान बदलता यायची.