उस्क्युदारच्या एका चालीची कुळकथा

बल्गेरियन दिग्दर्शिका अदेला पेएवा यांच्या ‘हे गाणे कोणाचे?’ या २००३ सालच्या माहितीपटाने एका चालीच्या मालकीवरून बाल्कन प्रदेशात चालत आलेला वाद जगापुढे आणला. इस्तंबूलमधील एका उपाहारगृहात ही चाल कानी पडते आणि एकाच मेजाभोवती बसलेले निरनिराळ्या देशांचे स्नेही ती आपापल्या देशाची असल्याचे सांगू लागतात. त्यानंतर दिग्दर्शिका तुर्कस्तान, ग्रीस, अल्बेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया, सर्बिया आणि बल्गेरिया असा प्रवास करत प्रत्येक ठिकाणचे दावे नोंदवत जाते. या माहितीपटाचा नकाशा बल्गेरियात संपतो. चाल मात्र तेथे थांबलेली नव्हती, कारण हा माहितीपट निघण्याच्या कितीतरी दशके आधीच ती कोलकात्यात पोहोचली होती आणि कवी काझी नझरूल इस्लाम यांनी तिच्यावर दोन बंगाली गीते बांधली होती. बाल्कनमधील भांडणाचा निवाडा करण्यासाठी लागणारा सर्वांत महत्त्वाचा पुरावा या बंगाली शाखेत दडलेला आहे.

चालीचे सुपरिचित टप्पे थोडक्यात सांगता येतात. तुर्कस्तानात ती ‘कातिबिम’, म्हणजे ‘माझा कारकून’, या गीताची म्हणून ओळखली जाते. १९५३ साली अमेरिकन गायिका अर्था किट यांनी ‘उस्का दारा’ या नावाने ते गाऊन पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत नेले, आणि बोनी एम या गायकवृंदाच्या १९७८ सालच्या ‘रासपुतिन’ या गाण्यातही अनेकांना तिचीच सावली दिसते. उस्क्युदार हा इस्तंबूलचा बॉस्फरसच्या आशियाई काठावरील भाग असून इंग्रज त्याला स्कुतारी म्हणत. तेथे पावसात निघालेला एक कारकून आणि त्याच्यावर अनुरक्त असलेली स्त्री हा गीताचा विषय आहे.

गीताचा काळ ठरवताना अभ्यासक या कारकुनाच्या पोशाखाचा आधार घेतात. त्याचा लांब कोट चिखलाने माखला आहे आणि सदरा खळ घातलेला, कडक आहे. सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली सरकारी नोकरांसाठी फेज टोपी आणि युरोपीय धर्तीचा पोशाख सक्तीचा केला, आणि त्याचा पुत्र अब्दुलमजीद याच्या कारकिर्दीत, १८३९ नंतरच्या ‘तंझीमात’ या सुधारणापर्वात, हा नवा कोटधारी नोकरवर्ग शहरभर दिसू लागला. त्यामुळे गीताचे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणाच्या आधीचे असू शकत नाहीत, हे अनुमान भक्कम आहे. परंतु या पुराव्याने शब्दांचेच वय ठरते, चालीचे नव्हे. आणि चालीच्या बहुतेक कुळकथा या एकाच जागी घसरतात.

सर्वांत चमत्कारिक कुळकथा स्कॉटलंडकडे बोट दाखवते. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ साली, सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या हाताखालील हायलँड पलटणी उस्क्युदारला उतरल्या होत्या. तेथील सेलिमिये बराकीतच पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काम केलेले लष्करी रुग्णालय उभे राहिले. घागऱ्यासारखा किल्ट नेसलेल्या, विजार नसलेल्या या सैनिकांचे कूच-संगीत उस्क्युदारच्या लोकांनी ऐकले आणि त्याच चालीवर, नव्याने विजार-कोट घालू लागलेल्या आपल्या कारकुनांची थट्टा करणारे गीत रचले, असे हे मत आहे. ही कथा मोहक आहे, कारण तीत स्थळ, काळ आणि विनोदाचे कारण या तिन्ही गोष्टी नेमक्या जुळतात.

तरीही ती चालीच्या उगमाचा पुरावा ठरत नाही. पलटणींचा मुक्काम सिद्ध झाल्याने त्यांच्याकडून चाल घेतल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या पलटणींची तीच चाल आधीच्या स्वरलिपीत दाखवावी लागते. शिवाय स्वरांची अडचण आहे. ‘कातिबिम’ निहावंद या मकामात गायले जाते. मकाम म्हणजे तुर्की-अरबी संगीतातील रागसदृश स्वरचौकट, आणि निहावंदाचे कोमल गंधार, कोमल धैवत व शुद्ध निषाद घेणारे रूप हिंदुस्तानी कानांना किरवाणीच्या जवळचे वाटते. हायलँड बॅगपाइपच्या सूरनळीतून मात्र नऊच ठरावीक स्वर निघतात आणि त्यांत निहावंदाची ही सगळी स्वरावली बसत नाही. म्हणजे मूळ चाल स्कॉटिश असलीच, तरी तिला आजचे रूप इस्तंबूलच्या गायकांनीच दिले, असे मानावे लागते. स्कॉटिश सैनिकांनी गीताला थट्टेचे निमित्त दिले आणि चाल शहरात आधीपासून रुळलेली होती, हा तर्क अधिक सयुक्तिक आहे.

बाल्कनमधील दावे तपासताना शब्द आणि चाल यांची हीच फारकत उपयोगी पडते. बोस्नियात या चालीवर प्रेमगीतही गातात आणि इस्लामी भक्तिगीतही. सर्बियातील व्रान्ये येथे ती स्थानिक प्रेमगीताची चाल आहे, आणि पेएवा यांनी तेथील लोकांना बोस्नियन धार्मिक रूप ऐकवताच संताप उसळला. बल्गेरियाच्या स्ट्रांजा डोंगराळ प्रदेशात तर याच चालीवर ऑटोमन सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांचे स्फूर्तिगीत गायले जाते. चाल तुर्की असू शकते असे सुचवताच तेथे दिग्दर्शिकेला धमक्या ऐकाव्या लागल्या. या सर्व प्रसंगांत लोक शब्दांवरील आपला रास्त हक्क चालीवर चढवतात. स्ट्रांजाच्या लोकांचे बलिदान खरे आहे आणि गीतही त्यांचेच आहे. त्याची चाल इस्तंबूलमध्येही गायली जाते, या वस्तुस्थितीने त्या बलिदानाला कोणताही उणेपणा येत नाही.

बंगाली शाखा निर्णायक ठरते ती येथे. ‘त्रिभुवनेर प्रिय मुहम्मद’ ही पैगंबरांची स्तुती आणि ‘शुकनो पातार नूपुर पाये’ हे वाऱ्यावर नाचणाऱ्या पाचोळ्याचे निसर्गगीत, ही नझरूल यांची दोन्ही गीते याच चालीवर आहेत. ही चाल त्यांच्यापर्यंत कशी आली, याची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर सैन्याचे आहे. नझरूल १९१७ साली ४९व्या बंगाली पलटणीत भरती झाले, कराचीच्या छावणीत हवालदारपदापर्यंत चढले आणि १९२० साली पलटण मोडली तेव्हा परतले. याच पलटणीचे सैनिक मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हाच्या ऑटोमन इराकमध्ये, गेले होते; त्यांच्याकडून ही चाल कराचीत आली असावी, असे म्हणता येते. १९२१ मध्ये नझरूल यांनी तुर्की सेनानीवरील ‘कामाल पाशा’ ही कविता लिहिली, यावरून तुर्कस्तानविषयीची त्यांची ओढही दिसते.

दुसरे उत्तर ग्रामोफोनचे आहे आणि तेच अधिक बळकट आहे. नझरूल यांचे गीतरचनेचे बहराचे पर्व छावणीतील नसून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीशी संबंध आल्यानंतरचे आहे, आणि इस्लामी गीतांची लाट तर गायक अब्बासउद्दीन अहमद यांच्या आग्रहाने त्यानंतर सुरू झाली. हीच कंपनी शतकाच्या आरंभापासून इस्तंबूल, कैरो आणि कोलकाता येथे ध्वनिमुद्रण करत होती. १९२४ साली नाफ्तुले ब्रँडवाइन या ज्यू क्लॅरिनेटवादकाने न्यूयॉर्कमध्ये याच चालीची तबकडी काढली होती, म्हणजे तोपर्यंत ती तबकडीवरून महासागर ओलांडू लागली होती. एकच चाल भक्तीसाठी आणि निसर्गवर्णनासाठी वापरणे हे व्यावसायिक संगीतरचनाकाराचे वळण आहे. छावणीत ऐकलेल्या गाण्याची आठवण अशी दोन अंगांनी फुलण्यापेक्षा, हाताशी असलेली तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून हे घडले असण्याचा संभव मोठा आहे.

मार्ग कोणताही असो, बंगालमध्ये या चालीवरून कोणी एकमेकांच्या अंगावर धावून गेले नाही. नझरूल यांची गीते त्यांचीच मानली गेली आणि त्यांच्या चालीचे नाते तुर्की गीताशी आहे, हेही जाणकारांनी मोकळेपणाने सांगितले. मराठी संगीत रंगभूमीला ही रीत नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या १८८० सालच्या ‘संगीत शाकुंतल’ आणि १८८२ सालच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकांतील पदे साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदांच्या प्रचलित चालींवर बांधली होती, आणि नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा उल्लेख करण्याची प्रथा पुढे दृढ झाली. नाटककाराचे कर्तृत्व त्यामुळे कमी झाले नाही आणि मूळ पदाचे ऋणही बुडाले नाही.

पेएवा यांच्या माहितीपटाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या रीतीने देता येते. गाणी प्रत्येक देशाची वेगळी आहेत आणि त्या त्या देशाचा आपल्या गाण्यावरील हक्क पूर्ण आहे. चाल मात्र, उपलब्ध पुराव्यांनुसार, एकोणिसाव्या शतकातील इस्तंबूलच्या बहुभाषिक रस्त्यांवर रुळलेली होती, जेथे तुर्क, ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू एकाच गल्लीत गात होते. तिच्यावर रचलेल्या प्रत्येक गीताच्या माथ्यावर, मराठी नाटकाच्या पुस्तकात असे त्याप्रमाणे, चालीचा उल्लेख छापला जावा. भांडण मिटवण्यास तेवढे पुरेसे आहे.