बाळगोळी : गिरणगावातल्या तान्ह्या मुलांची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)

आज एका तक्त्यापासून सुरुवात करू. तक्ता १९२१ सालचा, मुंबईचा. जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती मुलं दगावली, याचा हिशोब त्यात आहे. असे हिशोब नगरपालिका पूर्वीपासून ठेवत होती. या तक्त्यात मात्र मुलांची विभागणी जातीवर किंवा धर्मावर केलेली नाही. ती केली आहे बिऱ्हाडात खोल्या किती, यावर.

चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात हजारी सुमारे १३३. तीन खोल्यांत १९१. दोन खोल्यांत ३२२. आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात ८२८.

हजारात आठशे अठ्ठावीस. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. चूक नव्हती. आणि एका खोलीत राहणारे लोक म्हणजे शहराचा कुठलातरी कोपरा नव्हे. त्या काळी मुंबईतली जवळजवळ दोन-तृतीयांश माणसं एका खोलीतच राहत होती. परळ, लालबाग, भायखळा, वरळी, सगळीकडे तेच. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हे प्रमाण हजारी ऐंशीच्या आसपास होतं.

आता थांबा. हा आकडा जसाच्या तसा गिळायचा नाही. त्या वेळच्या जाणकारांनाही त्यात एक खोट दिसत होती. गिरणीतली बाई मूळची रत्नागिरीची, साताऱ्याची, किंवा घाटावरच्या कुठल्या गावची. दिवस भरत आले की ती गावी जाणार, पहिलं बाळंतपण तर माहेरीच. म्हणजे जन्माची नोंद (झालीच तर) गावात. दोन-तीन महिन्यांनी मूल घेऊन ती मुंबईला परत येणार. ते मूल इथे दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. थोडक्यात, मरण शहराच्या खात्यात आणि जन्म गावाच्या खात्यात. भागाकार केला की आकडा फुगतो. गावी जाणाऱ्या बायका एका खोलीतल्याच जास्त, म्हणून तिथे तो सगळ्यात जास्त फुगतो.

हे सगळं मान्य. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत शहराचा एकूण बालमृत्यूदर बराच खाली आला, १९३० च्या आसपास तो हजारी तीनशेच्या घरात होता, आणि तरीही खोल्यांप्रमाणे तक्ता मांडला की तीच चढण दिसायची. एक खोली सगळ्यात वर, मग दोन, मग तीन. आकड्याची उंची बदलली, क्रम बदलला नाही. मला त्या आठशे अठ्ठावीसपेक्षा हा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. (आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरांचे संपत्तीप्रमाणे पाच गट पाडतात. २०१९-२१ च्या पाहणीत सगळ्यात गरीब गटातली ४६ टक्के मुलं खुरटलेली होती, सगळ्यात वरच्या गटातली २३ टक्के. खोल्या मोजण्याचीच ही पुढची पद्धत.)

आता खोलीच्या आत जाऊ.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या पाच कामगारांत साधारण एक बाई होती. या बायका बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत. काम उक्तं, म्हणजे जितकं सूत गुंडाळाल तितके पैसे. मजुरी पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास. १९११ च्या कायद्याने बाईला दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नसे, आणि १९२२ पासून आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. मर्यादा, बरं का! ही सवलत होती. त्यात चालत जाणं-येणं धरा, भोंग्याआधी उठून भाकऱ्या थापणं धरा, नळावरची रांग धरा. तान्हं मूल दिवसभर कोणाजवळ ठेवायचं? गावी सासू असते, नणंद असते, शेजारची काकू असते. इथे शेजारची काकूसुद्धा गिरणीत.

यावर तोडगा होता तो बाळगोळी.

इथे एक घोळ आधी सोडवतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी बाळगुटी दिली गेली असेल. वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ सहाणेवर उगाळून आईच्या दुधात कालवून चाटवतात ती बाळगुटी. तिच्याबद्दल आज आपण बोलत नाही आहोत. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. मोहरीएवढी, कुठे थोडी मोठी. सकाळी कामावर जाताना एक दिली की मूल झोपून राहतं. रडत नाही, आणि भूकही मागत नाही.

या शेवटच्या गोष्टीतच सगळा घात आहे. अफूने भूक मरते, पोट बांधलं जातं, श्वास मंदावतो. मूल शांत दिसतं, पण दूध ओढत नाही, वजन धरत नाही. मग एखादा हगवणीचा किंवा छातीचा आजार आला की ते टिकत नाही. मृत्यूच्या नोंदीत ‘अशक्तपणा’, ‘आकडी’, ‘श्वसनाचा विकार’ असं लिहिलं जाणार. ‘अफू’ असं कोणी लिहिणार नाही.

मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना नेमलं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. त्यांचं म्हणणं असं की कामकरी बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. मी हा आकडा दारोदार मोजलेला मानत नाही. ‘जवळपास सगळ्याच’ असा त्याचा अर्थ घ्यावा. पण तेवढंही पुरेसं आहे.

आणि हे चोरून चालत नव्हतं. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची, तिच्यावरचा कर तिजोरीत जमा व्हायचा. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगाने दोन वर्षांनी अहवाल दिला तेव्हा हिंदुस्थानात अफूवर सरसकट बंदीची गरज नाही, असाच त्याचा सूर होता. म्हणजे गोळी विकायची सरकारच्या परवान्याने, आणि मूल मेलं की दोष आईच्या अज्ञानाचा.

या ‘अज्ञाना’चं मला जरा नवल वाटतं. कारण हीच गोष्ट इंग्लंडमध्ये कित्येक दशकं आधी घडून गेली होती. मँचेस्टर, नॉटिंगहॅम भागात गिरणीवाल्या बायका मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूचं गोड औषध पाजत. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये तिथल्याच सरकारी आरोग्य अहवालांच्या आधारे त्यावर लिहिलं आहे. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. सारखं काय होतं? आई अकरा-बारा तास यंत्रावर आणि मूल घरी एकटं. आपल्या आयांना अफू वाईट हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरा कुठला पर्याय होता, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे आता येऊ. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं. ते पडलं. मग मुंबई कायदे कौन्सिलात असवले यांनी विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ ला त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. तारीख लक्षात घ्या. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद होत्या, म्हणजे भाषण झालं तेव्हा भोंगे वाजतच नव्हते. आंबेडकरांचा मुद्दा दुहेरी होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मानलं. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते फायद्यासाठीच, तेव्हा त्यानेही वाटा उचललाच पाहिजे, असं त्यांनी ठणकावलं.

१९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. रोज आठ आणे, एकूण सात आठवडे, तेही ठरावीक महिने नोकरी झालेली असेल तर. त्याच सुमारास परळला वाडियांची दोन रुग्णालयं उभी राहिली, १९२६ मध्ये बायकांच्या बाळंतपणासाठी आणि १९२९ मध्ये मुलांसाठी. गिरणीमालक घराण्याच्या पैशातून, गिरणीच्या वस्तीत. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. गिरणगावातल्या कित्येक घरांत आजही ‘वाडियात झालो’ असं सांगणारी माणसं भेटतात.

पण हिशोब करून बघा. बाळंतपणाच्या आधीची रजा वजा केली की मूल जेमतेम महिन्याचं होतं तेव्हा भत्ता संपतो. बाळगोळीची गरज सुरू होते ती नेमकी तिथून पुढे! त्या महिन्यांसाठी हवं होतं पाळणाघर, आणि ती मोजक्याच गिरण्यांत होती. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतांना पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार दिला. अधिकार दिला, सक्ती नाही. देशभर सक्ती आली १९४८ च्या कायद्याने, पुन्हा तोच पन्नासचा आकडा धरून.

तोवर मालकांनी आपली सोय करून घेतली होती. बाई ठेवायची तर भत्ता द्या, रात्रपाळीला लावू नका, मुलांची खोली काढा. त्यात रिळिंग-वाइंडिंगमध्ये नवी यंत्रं येत होती, कमी हातांत काम होत होतं. जागा रिकामी झाली की तिथे पुरुष भरला जाऊ लागला. कायद्याने गिरणीत पाळणाघर आलं तेव्हा त्या गिरणीत बायकांचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप खाली आलं होतं. ज्या बायका बाहेर पडल्या त्या खानावळी चालवायला लागल्या, भाजी विकायला बसल्या, घरोघरी भांडी घासायला जाऊ लागल्या. या कुठल्याच कामाला ना भत्ता होता, ना मुलांची खोली.