सिएरा नेवाडांतील सरोवरें व गळाचा छंद



गळ टाकून घटका दोन घटका पाण्याच्या कांठीं बसणारा मनुष्य आपणांस अगदीं निरुपद्रवी वाटतो. त्याला पोटाची विवंचना नसते, मासळीचा व्यापार करावयाचा नसतो. थोडा निवांतपणा आणि दोरीला बसणारा एखादा हिसका एवढेंच त्याला हवें असतें. परंतु या साध्या छंदानें एका पर्वतराजीच्या सरोवरांची कळाच कशी पालटून टाकली, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

ही पर्वतराजी म्हणजे अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाची सिएरा नेवाडा. हिमयुगांतील हिमनद्यांनीं तिचा माथा कोरून असंख्य सरोवरें निर्माण केलीं. त्यांतून निघणारे ओढे उंच कड्यांवरून कोसळत असल्यामुळें खालच्या नद्यांतील मासे वर चढूं शकले नाहींत. म्हणून माथ्यावरच्या बहुतेक सरोवरांत मासा असा नव्हताच. तेथें वस्ती होती ती पिवळ्या पायांच्या बेडकांची.

१८७६ सालीं कर्नल शर्मन स्टीव्हन्स या लांकूड कापण्याच्या गिरणीच्या मालकानें मल्की ओढ्यांतील डझनभर सोनेरी ट्राउट मासे कॉफीच्या किटलींत घालून आणिले व गिरणीजवळच्या कॉटनवुड ओढ्यांत सोडले. १८९१ सालीं त्यांची संतति वरच्या कॉटनवुड सरोवरांत नेण्यांत आली. पुढें हींच सरोवरें या माशाच्या पैदाशीचें कोठार बनलीं. इतर जातींच्या ट्राउटचीहि अशीच रवानगी होत होती. गळाच्या शौकिनांसाठीं खेंचरांच्या पाठीवरील डब्यांतून माशांचीं पिलें डोंगर चढूं लागलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर तीं विमानांतून सरोवरांत टाकण्यांत येऊं लागलीं. १९४७ सालीं सोनेरी ट्राउट हा कॅलिफोर्नियाचा राज्य-मत्स्य ठरला.

हेतु वाईट नव्हता. ओसाड पाणी सजीव करावें, शहरांतून आलेल्या पाहुण्याला चार घटका आनंद द्यावा, एवढाच तो होता. पण पाणी ओसाड नव्हतें. या बेडकाच्या पिलाला पूर्ण वाढीस दोन ते चार वर्षें लागतात. तोंवर त्याला हिंवाळ्यांत तळापर्यंत न गोठणारें खोल पाणी हवें असतें. माशालाहि तसेंच पाणी लागतें. उथळ डबक्यांत जाऊन जीव वांचविण्याची सोय बेडकाला नव्हती, आणि ट्राउटनें त्याचीं पिलें फस्त केलीं.

हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, असें नाहीं. जोसेफ ग्रिनेल व ट्रेसी स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनीं योसेमिटीच्या प्राण्यांविषयींच्या १९२४ सालच्या ग्रंथांत, सरोवरांत मासे आले कीं बेडूक नाहींसे होतात, हें नमूद करून ठेविलें होतें. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानांत मासे सोडणें बंद झालें तें मात्र १९९१ सालीं. मधलीं ६७ वर्षें ज्ञान ग्रंथांत राहिलें आणि मासे पाण्यांत पडत राहिले.

त्यानंतर किंग्ज कॅनियन उद्यानांतील कांहीं सरोवरांत जाळीं लावून मासे काढण्यांत आले. तेथें बेडूक झपाट्यानें वाढले. त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. दुर्दैवानें एका बुरशीच्या रोगानें याच बेडकांवर दुसरा घाला घातला, आणि २०१४ सालीं त्यांची गणना नष्ट होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांत करावी लागली.

आजहि तेथील पुष्कळ सरोवरांत ट्राउट आहेत व गळ टाकणाऱ्यास मज्जाव नाहीं. कोणतीं सरोवरें गळासाठीं राहूं द्यावीं आणि कोणतीं बेडकांना परत करावीं, याचा निवाडा उद्यानांचे अधिकारी आतां एकेका सरोवरापुरता करीत आहेत. पाणी शांत दिसलें म्हणून तें रिकामें नसतें, हें उमगल्यावरच त्यांना हा निवाडा हातीं घेतां आला.