काम केलेली गाडी : सीमाभागातल्या स्कूटरच्या पोटातला इतिहास

आपल्या मंडळात वीरगळ, ताम्रपट, मोडी कागद यांवर निबंध वाचले जातात. मी स्कूटरवर लिहितोय म्हटल्यावर दोन-तीन ज्येष्ठ सभासद हसले. हसू द्यात. मी इंजिनिअर माणूस. इतिहास शिकलो तो नोकरी सांभाळून, रविवारच्या रविवारी. दगडापेक्षा लोखंड मला जास्त कळतं. बिडाच्या एका जुन्या सिलिंडरनं मला जो धडा दिला तो शिलालेख वाचणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

सत्तरच्या दशकाचा शेवट आणि ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं. बेळगावात टिळकवाडी, शहापूर, कॅम्प आणि तिकडे निपाणीत थोरल्या पोरांकडे ‘काम केलेल्या’ स्कूटर असायच्या. काम केलेली म्हणजे इंजिनात हात घालून वेग वाढवलेली. मी तेव्हा शाळेत होतो. माझं काम पाने उचलून देणं आणि रॉकेलमध्ये पार्ट धुणं. आज त्या गाड्या शोधून दुरुस्त करतो, तेव्हा तीच पोरं साठी-पासष्टीची होऊन समोर बसलेली असतात.

गाड्या कुठून आल्या

व्हेस्पा १९४६ ची, पियाजिओ कंपनीची. लॅम्ब्रेटा १९४७ ची, मिलानच्या इनोसेंटी कंपनीची. दोन्ही इटलीच्या. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं पन्नासच्या दशकात लॅम्ब्रेटा इथं आणली. बजाजनं साठच्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा काढली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ तर आपल्या पुणे-बंगळूर रस्त्यावरचीच. इनोसेंटीनं लॅम्ब्रेटाचं उत्पादन थांबवल्यावर ती यंत्रसामग्री भारत सरकारनं विकत घेतली. त्यातून १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली आणि ‘विजय सुपर’ रस्त्यावर आली.

नावं बरीच झाली, पण गाडी मिळत नव्हती. बजाजसाठी नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबलेली घरं आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलन भरलं तर लवकर मिळायची. अशी गाडी घरात आली की ती वडिलांची. तिला हार, तिला नारळ, तिच्यावर रात्री चादर. पोराला मिळायची ती रविवारी, दळण किंवा गॅसचं सिलिंडर आणायच्या निमित्तानं.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

इंग्लंडची पोरं आणि आमची पोरं

स्कूटर आणि तरुणाई म्हटलं की जगाला इंग्लंडचे ‘मॉड’ आठवतात. साठच्या दशकातली ती पोरं लॅम्ब्रेटा-व्हेस्पाला ढिगानं आरसे आणि दिवे लावायची, झुळझुळीत कोट घालून हिंडायची. १९७९ च्या ‘क्वाड्रोफेनिया’ या सिनेमानं त्याची दुसरी लाट आणली. तोवर इटलीतली लॅम्ब्रेटा बंद झालेली होती. त्यामुळे दुसऱ्या लाटेतल्या पोरांना नवी लॅम्ब्रेटा हवी असेल तर ती लखनौहूनही जायची. त्यांच्या हौसेचं लोखंड आपल्या देशात ओतलं जात होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पण त्यांच्यात आणि आमच्या पोरांत एक मोठा फरक. त्यांचं सगळं बाहेरून दिसायचं, म्हणून त्यांचा इतिहास फोटोंत राहिला. आमच्या पोरांना बाहेरून काहीही बदलता येत नव्हतं. गाडी वडिलांची! एक आरसा जास्त दिसला असता तरी संध्याकाळी चौकशी लागली असती. म्हणून आमच्याकडचं काम सगळं आत, सिलिंडरमध्ये, हेडमध्ये, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. बाहेरून तीच राखाडी, सरळमार्गी स्कूटर. तिचे फोटो असले तरी त्यात काही दिसत नाही. पुरावा फक्त इंजिनाच्या पोटात.

काम म्हणजे नेमकं काय

जरा तांत्रिक आहे, पण सोपं करून सांगतो. या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना याच खिडक्या उघडतो आणि झाकतो. जळालेला वायू बाहेर जायची खिडकी हेडच्या दिशेला थोडी वाढवली की ती लवकर उघडते. मग इंजिन जास्त फेऱ्यांवर मोकळं होतं आणि वेग वाढतो. त्याची किंमत खालच्या वेगात द्यावी लागते, तिथं ताकद कमी होते. सपाट रस्त्यावर वाघ, पण मागे मित्राला बसवून तवंदी घाट चढायला लागली की तीच गाडी धापा टाकायची. जेट बारीक राहिला आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन तापून जाम. मग ढकलत घरी, आणि वडिलांना सांगायला एक गोष्ट तयार ठेवायची.

बोअर करून गाडी पळते, असा एक समज होता. हिशेब करून बघा. लॅम्ब्रेटा आणि विजय सुपरचा बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ५८. म्हणजे १४८ सीसी. एक मिलिमीटर मोठा बोअर करून ५८ चा पिस्टन घातला तर १५३ सीसी. पाच सीसीनं काय होतंय? रिबोअर ही झीज भरून काढायची दुरुस्ती. खरी करामत पोर्टची, आणि ती अर्धगोल कानशीनं, हातानं, अंदाजानं केलेली.

हे करणारे मिस्त्री आपल्याकडे होते, कारण या पट्ट्यात लोखंड जाणणारी माणसं होती. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथ, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, कागद बंगळूरला जायला लागले. पण निपाणीच्या माणसाला बोअर करायचा असला की तो ७५ किलोमीटरवरच्या बेळगावला येण्याऐवजी ४० किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठायचा. गाडी कायमची पलीकडं न्यायची तर ना-हरकत दाखला, नवा कर, नवा नंबर, आणि खेटे. सिलिंडर मात्र पिशवीत घालून एसटीनं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्याला कुणी दाखला विचारला नाही.

१९८५ च्या शेवटी यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, कारखान्यातूनच अशी पळणारी. कानशीची गरजच संपली. पोरं मोटरसायकलकडे वळली, स्कूटर पुन्हा भाजी आणायला लागली, आणि हा छोटासा काळ कुठं नोंद न होता मिटला.

माझी चूक

आता मुद्द्याचं. २०११ मध्ये माझ्या थोरल्या भावाच्या एका मित्राची जुनी लॅम्ब्रेटा मी दुरुस्तीला घेतली. मला नवाच नाद लागलेला. पत्रा गंजापर्यंत घासला, कारखान्याच्या मूळ रंगाशी जुळवून रंग केला, रबर सगळी नवी. इंजिन उघडलं तर एक्झॉस्ट पोर्टच्या कडा वेड्यावाकड्या, डावी बाजू उजवीपेक्षा जास्त खाल्लेली. मी म्हटलं, कुणा अडाण्यानं नास केलाय. नवा सिलिंडर मिळवला, पिस्टन बसवला. जुना सिलिंडर भंगारात दिला. आठ महिने गेले, पण गाडी अशी झाली की शोरूममधून आलीय असं वाटावं.

ते बघायला आले. भोवती फिरले, सीटवर हात फिरवला, किक मारली. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “झकास केलीस की रे. पण ही आमच्या बाबांची गाडी झाली. माझी नव्हे.”

मग कळलं. त्या वाकड्या कडा त्यांनी स्वतः मिस्त्रीच्या शेजारी बसून, वयाच्या विसाव्या वर्षी, तीन रात्री जागून घासल्या होत्या. त्यांचे वडील वारले तरी त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्या वयाची त्यांच्याकडे उरलेली एकमेव खूण म्हणजे तो सिलिंडर. मी भंगारवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, बीड कधीच भट्टीला गेलं. इथल्याच कुठल्यातरी फाउंड्रीत वितळून त्याचं काहीतरी दुसरं झालं असेल.

वीरगळाला कुणी ऑइल पेंट फासला की आपण सगळे हळहळतो. मी त्यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

तीन पोस्टकार्डं

त्यानंतर मी पद्धत बदलली. काही वर्षांनी निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत पोत्यांमागे एक विजय सुपर सापडली. नाकात तंबाखूची धूळ, गाडीवर बोटभर थर. मालक साठीपुढचे. या वेळी काहीही पुसण्याआधी फोटो काढले. इंजिन उघडल्यावर सिलिंडरच्या आत कागदाची सुरळी घातली आणि पोर्टच्या कडांवर पेन्सिल घासली. शिलालेखाचा ठसा घेतो तसाच हा ठसा. कागद उलगडला की खिडक्यांची उंची-रुंदी पट्टीनं मोजता येते.

पोर्ट जसेच्या तसे होते. कानस कुठं लागलेली नव्हती. मला वाटलं, ही साधी गाडी. मग सिलिंडरखालचं पॅकिंग बघितलं. कारखान्याचं पातळ पॅकिंग नव्हतंच. एकावर एक ठेवून हातोडीनं ठोकून कापलेली तीन पोस्टकार्डं. तेलानं काळपट झालेली, एकावर टपालाच्या शिक्क्याचा अर्धा तुकडा आणि त्यात ‘८२’ एवढं वाचता येणारं.

यातली अक्कल बघा. पॅकिंग जाड केलं की आख्खा सिलिंडर पाऊण मिलिमीटर वर उचलला जातो. म्हणजे न घासता सगळे पोर्ट वर सरकतात. त्यानं कमी झालेलं कॉम्प्रेशन भरून काढायला हेडला लेथवर हलका कट मारलेला. मी मालकांना विचारलं. ते हसले. “मिस्त्री म्हणाला, कानस मारली की परत येत नाही. पोस्टकार्ड काढता येतंय. बाबांनी विचारलं तर काढू.”

बाबांनी कधी विचारलं नाही. निपाणीच्या तंबाखू आंदोलनानं १९८१ मध्ये जो महामार्ग अडवला, त्याच रस्त्यावर वर्षभरानं ही गाडी पोस्टकार्डांच्या जोरावर पळत होती. आपल्या गावचा हाही इतिहास आहे, आणि त्याचा दुसरा कागद कुठल्याही दप्तरात नाही.

कायदा आणि ‘मूळ रूप’

१५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला अशी गाडी काढता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीला चालते. नियम चांगलाच आहे. जुन्या गाड्या त्यामुळे भंगारात जायच्या वाचतील.

पण ‘मूळ रूप’ या दोन शब्दांमुळे एक घाई सुरू झाली आहे. पन्नाशी गाठत आलेल्या गाड्या शोधत मोठ्या शहरांतले खरेदीदार आपल्याकडे येतात. गाडी पूर्ण उघडायची, नवा सिलिंडर घालायचा, चकचकीत करून विकायची. मिस्त्रीच्या हाताची खूण त्यात पहिल्यांदा जाते. आपण मंडळी वाड्याच्या बाबतीत विचारतो की कुठल्या काळातला वाडा जपायचा, मूळचा की नंतर वाढवलेला. तोच प्रश्न इथं आहे, आणि तो विचारायच्या आधीच उत्तर भंगारात गेलेलं असतं.

मी काय करतो

मूळ रूपात आणू नका असं मी म्हणत नाही. वखारीतल्या विजय सुपरचं पॅकिंग मी नवं घातलं, कारण मालकांना आता नातवाला पुढं उभं करून हळू चालवायची आहे. पण जुनं काढलेलं काहीही मी टाकत नाही. ठसा घेतो, मापं लिहितो, पिस्टनवरचा ओव्हरसाइजचा आकडा, जेटचा नंबर, रंगाचे थर नोंदवतो. ज्यानं ते काम केलं त्याच्याशी बोलून तारखेसह लिहून ठेवतो. जुना सिलिंडर तेल लावून, फडक्यात गुंडाळून मालकाच्या हवाली करतो. ती तीन पोस्टकार्डं आज निपाणीत त्यांच्या कपाटात आहेत, मुलाबाळांच्या जन्मदाखल्यांच्या फाइलीत.

आतापर्यंत अकरा गाड्यांचे ठसे जमले आहेत. त्यांतल्या चार गाड्यांच्या पोर्टवर कानशीचा एकच कल दिसतो, डावीकडे जास्त. कदाचित एकच हात असेल. ते मिस्त्री आता नाहीत, पण त्यांच्या हाताचं वळण कागदावर आलंय.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. परसात, माळ्यावर, वखारीत जुनी स्कूटर असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा हेड उघडून बघा. आत वेडंवाकडं काही दिसलं तर त्याला बिघाड म्हणू नका. आधी घरातल्या थोरल्याला विचारा. तो हसला, तर समजा काहीतरी सापडलं.